येसरचं चोविसावं पान

४ जानेवारी २०१६, कडा

आजपासून रोजनिशी. ती भावनांसाठी नाही, नोंदींसाठी आहे. लॅबमध्ये प्रत्येक नमुन्याची नोंद ठेवतात, तशी.

सद्यस्थिती. कारखान्याचा बॉयलर या हंगामात पेटलेला नाही. ऊस नाही. जो थोडा उभा होता तो चारा म्हणून छावणीत गेला आणि जनावरांनी खाल्ला. मी लॅब केमिस्ट. रोज जाते, सही करते, कोरडी उपकरणं कोरड्या फडक्याने पुसते आणि परत येते. पुढच्या हंगामाचं काय, असं चीफ केमिस्ट मोहनरावांना विचारलं. ते म्हणाले, वर बघून विचार, माझ्याकडं बघून कावून विचारतीस.

बागलकोटकडच्या एका खासगी कारखान्याने त्यांच्या डिस्टिलरीच्या लॅबमध्ये नोकरी देऊ केली आहे. दोन मेला हजर व्हायचं. मी जाणार नाही. कारण कॉमिक पूर्ण झालं आहे.

नाव 'येसर'. लग्नाच्या आमटीला लागणारं, धान्य आणि मसाले भाजून केलेलं पीठ म्हणजे येसर. त्याची आमटी आमच्या घरी कशी होते, त्याची चित्रकथा. तेवीस पानं, काळी शाई. मापं ग्रॅममध्ये, तापमान सेल्सियसमध्ये. मराठीत असं दुसरं काही नाही. नेट होतं तेवढ्या वेळात मी शोधलं आहे.

मूळ पानं चोवीस होती. शेवटचं काढून गादीखाली ठेवलं. त्यात मोजण्यासारखं काही नव्हतं.

योजना: फेब्रुवारीत स्वीकृती, मार्चमध्ये छपाई, एप्रिलपासून नियमित सदर, पुढे पुस्तक. मग घर सोडायचं कारण उरत नाही. बागलकोटला नम्र नकाराचा ईमेल आजच लिहून ड्राफ्टमध्ये ठेवला. फक्त तारीख टाकायची आहे.

७ जानेवारी

योग्य प्रकाशन शोधणं हा निव्वळ निकषांचा प्रश्न आहे. लोक तो उगाच नशिबावर ढकलतात. मी तक्ता केला. विषयाशी जवळीक, कागदाचा दर्जा, चित्रांना मिळणारी जागा, उत्तर देण्याची सवय. शेवटच्या निकषावर सगळ्यांना शून्य मिळालं, म्हणून तो निकष काढला.

पहिला क्रमांक: पुण्याचा एक वाङ्मयीन दिवाळी अंक. दुसरा: शेतीचं साप्ताहिक. मग महिलांचं मासिक, मुलांचं मासिक, बीडच्या दैनिकाची रविवार पुरवणी.

एका वेळी एकाच ठिकाणी पाठवायचं. पुण्याला आज पाठवलं. स्वीकृतीची शक्यता ऐंशी टक्के.

१९ जानेवारी

पुण्याचं उत्तर नाही. विलंब म्हणजे गांभीर्य.

दरम्यान शेतीच्या साप्ताहिकालाही पाठवलं. एका वेळी एक हा नियम दिवाळी अंकांना लागू नाही, कारण दिवाळी लांब आहे.

आई पानं चाळून गेली. मी घरी नव्हते. संध्याकाळी भाकरी थापताना म्हणाली, ह्ये हात कुणाचे काढलेस. मी म्हटलं, सर्वसाधारण हात आहेत. ती म्हणाली, सर्वसाधारण हाताला माझ्या बांगड्या कावून?

मी विषय बदलला.

२ फेब्रुवारी

शेतीच्या साप्ताहिकातून फोन. गृहस्थ सज्जन वाटले. चित्रं आवडली म्हणाले. पण आमचा वाचक शेतकरी आहे, त्याला उपयोग पाहिजे, यात हेक्टरी उत्पादन टाकता येईल का, असं विचारलं. मी सांगितलं की येसर हे पीक नाही. ते म्हणाले, ते मलाही माहीत आहे ताई, पण संपादकांना पटवायला एखादा आकडा द्या.

आकडे प्रत्येक पानावर आहेत. हे सांगितल्यावर फोनवर पानं उलटल्याचा आवाज आला. मग म्हणाले, हो, तेच.

निष्कर्ष: नकार तांत्रिक स्वरूपाचा. गुणवत्तेशी संबंध नाही.

महिलांच्या मासिकाला पाठवलं.

११ फेब्रुवारी

महिलांच्या मासिकाला चमच्यांची मापं हवी आहेत. ग्रॅम पाहून वाचक दचकतात म्हणे. शिवाय माझा एक फोटो, शक्यतो साडीत, शक्यतो चुलीजवळ.

मी उत्तर पाठवलं की चमचा हे एकक नाही. आमच्या घरातले सहा चमचे मी मोजले, कोणतेही दोन जुळत नाहीत. तक्ता सोबत जोडला. ईमेल पोहोचल्याची खात्री करायला फोन केला. ईमेल पोहोचला आहे. बाईंनी एवढंच सांगितलं.

१२ फेब्रुवारी

आप्पा, माझे वडील, दुकानात गिऱ्हाईक नसताना टाइमटेबल बघत बसतात. कड्याहून नगर, नगरहून सोलापूर, सोलापूरहून विजापूरची गाडी. आजही विचारलं, जागा कधी बुक करायची. मी म्हटलं, गरज पडणार नाही. ते म्हणाले, पुस्तकवाल्याचं पत्र आलं का? मी म्हटलं, प्रक्रियेत आहे. ते म्हणाले, आपल्या पीकविम्यावानी.

आई बागलकोटबद्दल अजून एकदाही बोललेली नाही. जा म्हणत नाही, राहा म्हणत नाही. तिला या विषयात रस नसावा. नोंद करून ठेवते, बाकी काही नाही.

२० फेब्रुवारी

मुलांच्या मासिकातून ईमेल. यात मुलं कुठे आहेत?

रास्त मुद्दा. पान सहावर खिडकीत एक मूल काढून तासाभरात परत पाठवलं. संध्याकाळी उत्तर: ते मूल रडत आहे.

ते रडत नाही. पान सहावर मिरच्या भाजल्या जात आहेत. त्या खिडकीत कोणतंही मूल उभं राहिलं तरी त्याच्या डोळ्यांत पाणी येईल. हे कळवलं. उत्तर नाही.

२७ फेब्रुवारी, बीड

ईमेलवर विसंबून राहणं चूक होती. आज पुरवणीच्या कचेरीत प्रत्यक्ष गेले. एसटी स्टँडपासून जवळ, कोचिंग क्लासच्या वरचा मजला. खालून शंभर मुलं एका सुरात समास म्हणत होती. उपसंपादकाने पानं मन लावून पाहिली, हे मान्य करायला हवं. पण मग वर बघून म्हणाला, मॅडम, मुंडकी कुठंयत?

मी सांगितलं, हात पुरेसे आहेत. हातांची कृती अचूक दाखवता येते. चेहऱ्यात फार चल राशी असतात.

तो म्हणाला, लई छान. पण पब्लिकला तोंड लागतं. मग मार्ग सुचवला. एका पुढाऱ्याच्या वाढदिवसाची पुरवणी निघणार आहे, तिच्यात दोन पानं बसवता येतील. फक्त पातेल्यावर शुभेच्छुकाचं नाव टाकायचं. आणि पळी धरलेल्या हातात घड्याळ घालता आलं तर बघा, साहेबांना घड्याळाचा शौक आहे.

मी पानं गोळा केली. परतीच्या बसमध्ये उभं राहायला लागलं. मधल्या गावांतले लोक पाण्याचे रिकामे कॅन घेऊन चढले होते. एका कॅनवर बसून मी नवीन तक्ता केला.

तक्त्यात आता एकच नाव उरलं आहे: पुणे. म्हणजे निवड सोपी झाली.

६ मार्च

पुण्याला स्मरणपत्र. उत्तर नाही. गांभीर्य वाढलेलं दिसतं.

बागलकोटहून विचारणा: राहण्याच्या खोलीचं काय ते कळवा. मी कळवलं की कळवते.

९ मार्च

नकारांचं विश्लेषण केलं. कुणाला मूल, कुणाला मुंडकं, कुणाला चमचा हवा. ही सगळी लक्षणं आहेत, मूळ दोष वेगळा आहे. तो पान नऊवर आहे. तिथल्या भाजणीच्या आलेखातले आकडे मी आईला विचारून अंदाजे घातले होते. जाणकार संपादकाला हे खटकत असणार, फक्त शब्दांत सांगता येत नसणार.

उपाय: प्रत्यक्ष येसर भाजून तापमान मोजणं.

अडचण: आमच्याकडे लग्नाची तारीख धरल्याशिवाय घरात येसर भाजत नाहीत. आधी पाच सवाशिणी, जात्याला हळद-कुंकू, मग भाजणी. वर्षभर जी आमटी होते ती दुसऱ्यांच्या लग्नघरातून आलेल्या वानोळ्याची. यंदा गावात लग्नंच नाहीत. पंगतीला पाणी कुठून आणायचं, म्हणून सगळ्यांनी पुढे ढकलली. आमच्या वैजनाथचंही ढकललं. माझा थोरला भाऊ. नेकनूरच्या रेवणप्पांच्या मुलीशी सुपारी फुटून दोन वर्षं झाली. आप्पांचं म्हणणं, पंगत झाली तर पोटभर होईल, न्हाईतर होणार न्हाई. त्यामुळे घरातला येसरचा डबा रिकामा आहे.

अर्थात तो संकेत लोकांसाठी आहे. प्रयोगासाठी नाही.

१२ मार्च

आई-आप्पा कपिलधारला दर्शनाला गेले. वैजनाथ दुकानात. गच्चीवर विटांची चूल, लोखंडी कढई, लॅबचा थर्मामीटर. गहू, हरभऱ्याची डाळ, बाजरी, धने, खोबरं, मिरच्या, बाकीचे मसाले, प्रत्येकाची वेगळी भाजणी. भाजून, मिक्सरवर दळून चार किलो केलं, कारण थोड्या प्रमाणात कढईचं तापमान स्थिर राहत नाही.

आकडे उत्कृष्ट आले. धन्यांचा बिंदू आईने सांगितला होता त्याच्याशी तंतोतंत जुळला, हे थोडं विचित्र आहे. तिच्याकडे थर्मामीटर नाही.

एक गोष्ट तक्त्यात नव्हती. वारा. तो एसटी स्टँडच्या दिशेने वाहत होता.

संध्याकाळी शेजारच्या छबुबाई हळद-कुंकवाचं ताट, खण आणि आणखी चार बायका घेऊन दारात. मला बघून म्हणाल्या, बया, वैजूचं ठरलं अन् आमाला वासावरनं कळायचं व्हय? तुझ्या आईला म्हणावं, सवाशिणी काय भाड्यानं आणलत्या का?

मी सांगितलं की हे लग्नाचं नाही, मोजमापाचं आहे. त्या बाकीच्या बायकांना म्हणाल्या, लाजती.

१३ मार्च

आई-आप्पांना बातमी घरी पोहोचण्याआधी बसमध्ये मिळाली. कंडक्टरने अभिनंदन केलं.

आप्पांनी मला समोर बसवलं. कावून भाजलंस, एवढंच विचारलं. मी पान नऊ दाखवलं. त्यांनी आलेख बराच वेळ पाहिला, मग आईकडे पाहून म्हणाले, ही आपली इंजिनिअर.

आई उठून येसरच्या डब्याकडे गेली. डबा उघडला, चिमूटभर पीठ बोटांवर घेऊन वास घेतला, झाकण लावलं.

१४ मार्च

नेकनूरहून रेवणप्पा आले. सोबत दोन भावकीतले. मुलीच्या बापाला न विचारता तारीख धरली, हे कुठल्या रीतीत बसतं, असं त्यांचं म्हणणं. तोंड लाल झालं होतं. आप्पांपुढे दोन पर्याय होते. एक, तारीख धरलेली नाही, येसर मुलीच्या चित्रांसाठी भाजलं, हे सांगणं. दोन, तारीख धरणं.

आप्पा म्हणाले, तुमचीच वाट बघत होतो पाव्हणं, बसा.

मे महिन्यात शुक्राचा अस्त आहे, मुहूर्त नाहीत. म्हणून २४ एप्रिल. पाण्याचे दोन टँकर दोन घरांनी वाटून घ्यायचे. भाजलेलं येसर लग्नाविना घरात ठेवणं बरं नाही, यावर दोन्ही पक्षांचं पहिल्यांदा एकमत झालं.

वैजनाथने मला गच्चीवर गाठलं. म्हणाला, दोन वर्षं पाऊस आडवा, आप्पा आडवे, ग्रह आडवे. तू एका कढईत सगळं उडवलंस गंगे. माग काय पाहिजे ते.

मी लगेच काही मागितलं नाही. विचार केला.

१६ मार्च

मागितलं. लग्नपत्रिकेची मागची बाजू.

साधी गणितं आहेत. पत्रिका हजार. प्रत्येक पत्रिका सरासरी एका कुटुंबात जाते. महिलांच्या त्या मासिकाच्या आष्टी तालुक्यात तेवढ्या प्रती जात असतील असं वाटत नाही. शिवाय पत्रिका कुणी टाकत नाही, देवळीत ठेवतात. मागे पान नऊ छापायचं, नव्या आकड्यांसह.

आणखी एक. आमच्याकडे ज्याच्याशी ज्याच्याशी व्यवहार आहे त्याला पत्रिका जाते. खताचा दुकानदार, बँकेचा शिपाई, डोळ्यांचा डॉक्टर. संपादकांशी माझा व्यवहार आहे, एकतर्फी असला तरी. त्यांनाही पत्रिका जातील. स्मरणपत्राला उत्तर न देणारा माणूस पत्रिका मात्र उलटून बघतो.

पाकिटांवर पत्ते मीच लिहिले. पुण्याच्या पाकिटावर खाली: कृपया मागील बाजू पाहावी.

स्वीकृतीची शक्यता आता नव्वद टक्के.

२२ मार्च

आश्रुबाच्या प्रेसमध्ये गेले. निवडणुकीची पत्रकं, श्रद्धांजलीचे फ्लेक्स, पत्रिका, सगळं तोच छापतो. पुढची बाजू तयार होती. आशीर्वाद, निमंत्रक, स्वागतोत्सुक, विनीत, सोसायटीचे आजी-माजी, मिळून इतकी नावं की नवरा-नवरी शोधायला लागतात. माझं नाव आहे, करवली म्हणून.

पान नऊ त्याने दोन्ही हातांनी धरून लांब नेलं, जवळ आणलं. म्हणाला, ताई, ह्ये कार्डिओग्राम वाटतंय. लग्नाच्या पत्रिकेवर कुणाची पट्टी छापायची? पाव्हणं म्हणतील नवऱ्याच्या बापाला ॲटॅक आला.

मी समजावलं की हा भाजणीचा आलेख आहे, हा चढ धन्यांचा. तो म्हणाला, चढ कशाचा बी असू द्या, उतार वाईट दिसतोय.

शेवटी वैजनाथकडून निरोप घेईन म्हणाला. मी पान त्याच्याकडे ठेवून आले. तांत्रिक बाब आहे, मिटेल.

३१ मार्च

बागलकोटला कळवलं की निर्णय एप्रिलअखेर. त्यांनी लिहिलं: तुम्ही येणार आहात असं धरून खोली ठेवली आहे. लोक किती सहज गृहीत धरतात.

५ एप्रिल

लग्नाचं घर झालं आहे. गाद्या-गोधड्या गच्चीवर उन्हात. मी दिवसभर टँकरच्या वेळापत्रकावर होते. आईने माझीही गादी वर नेली. संध्याकाळी परत आणून ठेवली.

गादीखाली पाहायला वेळ झाला नाही.

११ एप्रिल

पत्रिका आल्या. वैजनाथने बाहेरगावच्या पाकिटांत परवाच परस्पर घालून आष्टीच्या पोस्टात टाकल्या. गावातल्यांचे गठ्ठे घरी आणले. मी एक उलटली.

पान नऊ नाही. पान चोवीस आहे.

काय झालं ते विचारून क्रमाने लिहिते. आश्रुबाने आलेख छापायला सपशेल नकार दिला. वैजनाथ घरी येऊन म्हणाला, दुसरं एखादं पान हाय का, ज्यात माणसं असतील. आईने गाद्या वर नेताना चोविसावं पाहिलं होतं. ते काढून तिने त्याच्या हातात दिलं. म्हणाली, ह्ये घे, ह्यात दोघीजणी हायेत.

त्या पानावर मी पाटावर जेवायला बसले आहे आणि आई समोर पळी घेऊन उभी आहे. सगळ्या कॉमिकमध्ये तिचा चेहरा फक्त तिथे आहे. नैवेद्य दाखवल्याशिवाय आई आमटी चाखत नाही. मी विचारते, मग न चाखता मिठाचं कसं कळतं? ती म्हणते, तू जेवताना गप बसलीस म्हंजे मीठ बरोबर हाय. त्यानंतरच्या चौकटीत मी गप्प जेवते आहे. एवढंच. तापमान नाही, ग्रॅम नाहीत.

हजार प्रती.

आईला विचारलं की माझं पान मला न विचारता का दिलं. ती लाह्या निवडत होती. म्हणाली, नाक माझं न्हाई आलेलं. तुझ्या आत्याचं आलंय.

१२ एप्रिल

शांतपणे विचार केला. पुण्याला चुकीचं पान गेलं. पण नमुना चुकीचा गेला तरी पत्ता बरोबर आहे. संपादक मागची बाजू पाहतील, माझं नाव आठवेल, तेवीस पानं शोधतील. नुकसान नाही. शक्यता सत्तर टक्के.

गावात पत्रिका वाटल्या. छबुबाई म्हणाल्या, मला वाचून दाखव. मी वाचलं. त्या म्हणाल्या, खरंय की, तू लहानपणी खारट झालं की लई बडबडायचीस. मी म्हटलं, काल्पनिक आहे.

२४ एप्रिल

लग्न झालं. टँकर एक वेळेवर आला, एक वऱ्हाडाच्या मागून आला. आमटी आईने स्वतः केली, माझ्या येसरची. मी लॅबचा रिफ्रॅक्टोमीटर नेला होता, उसाच्या रसात एकूण किती काही विरघळलंय ते मोजणारा. गाळून मोजली: साडेनऊ टक्के. घरच्या आमटीइतकीच.

आप्पांना पोटभर पंगत हवी होती, ती झाली. मी वाढायला होते. चारशे माणसं बसली असतील. भाकरी कुस्करली, आमटी ओतली, आणि खाली माना. कुणी एक शब्द बोललं नाही. रेवणप्पासुद्धा नाहीत, आणि ते सकाळपासून थांबले नव्हते.

आमटीबाबत प्रतिसाद: शून्य.

आई मांडवाच्या खांबाला टेकून पंगतीकडे बघत होती. तिला बरं वाटत असावं. कारण कळलं नाही.

२८ एप्रिल

पुण्याहून उत्तर आलं. तीन महिने एकवीस दिवसांनी.

संपादक बाईंनी स्वतः लिहिलं आहे. भावाच्या लग्नाबद्दल अभिनंदन. तेवीस पानं परत पाठवायच्या ढिगात ठेवली होती, कारण त्यांत सगळं होतं पण कुणी नव्हतं. मग पत्रिका आली. पाकिटावर लिहिलं होतं म्हणून मागची बाजू पाहिली. हे पान मूळ संचात का नव्हतं? यंदा खाण्यावर विभाग करत आहोत. हे पान असतं तर विभाग त्यानेच उघडला असता, मागे तुमची तेवीस पानंही गेली असती, आलेखासकट. पण आमचा अंक फक्त अप्रकाशित साहित्य घेतो. पहिल्या अंकापासूनचा नियम आहे, मोडता येत नाही, फार वाईट वाटतं. पत्रिका कचेरीत फळ्यावर लावली आहे.

ता. क. येसर मिळेल का?

२८ एप्रिल, दुपारी

उत्तर पाठवलं. लग्नपत्रिका हे तांत्रिकदृष्ट्या प्रकाशन ठरत नाही. ती विक्रीस नसते. तिला संपादक नसतो. मुद्दे सात.

त्यांचं उत्तर दहा मिनिटांत आलं. सवय नाही असं मी उगाच म्हणत होते. किती प्रती काढल्या? हजार, असं मी लिहिलं. बाई म्हणाल्या, आमचा अंक आठशे निघतो. तुमच्या पत्रिकेवर तारीख आहे, खाली मुद्रकाचं नाव आहे, दर्शनी भागात सल्लागार मंडळही आहे. याला प्रकाशन नाही म्हणायचं तर आम्हाला काय म्हणायचं?

असंच दुसरं पान असेल तर जरूर पाठवा, असंही लिहिलं आहे.

असंच दुसरं पान नाही. ते एकच होतं.

२९ एप्रिल

दिवसभर पान पंचवीस काढायचा प्रयत्न केला. चेहरा काढला, नाक आत्याचं आलं. पुसलं. पुन्हा आत्याचंच. आईला समोर बसवलं. ती म्हणाली, लवकर काढ, पोळ्या राहिल्यात. मग तिच्याकडे बघताना काही काढता आलं नाही. कारण नोंदवण्यासारखं नाही.

ड्राफ्टमधला नम्र नकार उघडला. तारखेची जागा अजून मोकळी होती. तो पुसून दुसरा लिहिला: हजर होत आहे.

आप्पा म्हणाले, जागा मार्चमध्येच बुक केली होती. रद्द करायला कधी बी आलं असतं.

३० एप्रिल

मोहनरावांनी रिफ्रॅक्टोमीटर परत घेतला नाही. म्हणाले, इथं काय मोजायचं हाय, घेऊन जा, वापरात राहील.

पुण्याला अर्धा किलो येसर एसटी पार्सलने पाठवलं. सोबत कृती, ग्रॅममध्ये.

उरलेलं आईने माझ्या पिशवीत भरलं. दोन पिशव्या, एकात एक, वर दोरा. दोरा बांधताना तिने पहिल्यांदा बागलकोटचा विषय काढला. म्हणाली, तिथं तुझ्यासमोर कोण बसणार जेवायला. मी सांगितलं की मेस आहे. ती हूं म्हणाली.

८ मे, बागलकोटजवळ

कॉलनीत खोली. लॅब चांगली आहे. मेसमधली माणसं कानडीत बोलतात, म्हणजे मला गप्प बसायला अडचण नाही.

आज रविवार. आमटी केली. येसर, फोडणी, उकळी, सगळं पान अकरा ते वीसप्रमाणे. गाळून मोजली: साडेनऊ. अचूक. मीठ त्या आकड्यात वेगळं दिसत नाही.

नैवेद्य दाखवला, वाढून घेतलं. एक घास खाल्ला. बरोबर आहे की नाही, ठरवता येईना. दुसरा घास. ठरेना. आईला फोन लावला. तिने विचारलं, जेवलीस का. मी म्हटलं, आमटी केली आहे, खाते आहे, प्रमाण सगळं बरोबर आहे, उकळी चार मिनिटं दिली, येसर इथल्या दमट हवेतही चांगलं राहिलंय, मेसमध्ये तांदूळ जाड असतो, पंखा आवाज करतो, लॅबमधली बाई हुब्बळीची आहे...

आई म्हणाली, मीठ जास्त पडलंय. पाणी घाल.

इथे नळाला दोन्ही वेळ पाणी असतं. उठून घातलं. किती घालायचं ते विचारायचं राहिलं.